मधली बहीण कशाला आहे?

हेमलता घाडगेनं कादंबरीचं तिसरं प्रकरण उघडलं आणि पहिल्या वाक्यावर नजर पडायच्या आधीच ते वाक्य तिच्या तोंडात येऊन बसलं. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला. आपलं लिखाण आपणच सुधारायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. आपणच लिहिलेलं, आपणच पन्नासदा वाचलेलं, आणि त्यातल्या चुकाही आपणच हुडकायच्या. डोळे ओळीवरून चालतच नाहीत, नुसते घसरत जातात. एखादा शब्द गळलेला असला तर मेंदू तो मुकाट्यानं भरून टाकतो, आणि बाईसाहेब समाधानानं पुढच्या पानावर जातात. मग पुस्तक छापून आलं की कुठल्या तरी अनोळखी वाचकाला तो गळलेला शब्द पहिल्या झटक्यात दिसतो, आणि तो तसं जगजाहीर कळवतोही.

हेमलता कराडच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला होता. नोकरी सोडल्यावर तिनं पहिली कादंबरी लिहिली आणि स्वतःच काढली. मुखपृष्ठ तिचं, मांडणी तिची, मुद्रितं तिनंच तपासलेली. ती पुस्तकाची आई, दाई आणि वाढपी सगळं एकटीच होती. त्या पुस्तकाला वाचकांनी बरं म्हटलं, पण बऱ्याच जणांनी एक शब्द वापरला, ‘रेंगाळतं’. तो शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता.

यंत्राकडून दुरुस्त करून घ्यावं तर ती सोयही आता राहिली नव्हती. मधल्या काळात यंत्रानं घासूनपुसून काढलेली पुस्तकं इतकी निघाली, आणि ती इतकी एकसारखी गुळगुळीत निघाली, की लोकांना त्यांचा वीट आला. पुढे मुखपृष्ठावर ‘यंत्रसंपादित’ असं छापण्याचा नियम झाला आणि तो शिक्का दिसला की लोक पुस्तक उचललं तसं खाली ठेवू लागले. जे चांगले संपादक शिल्लक होते, ते मोठ्या प्रकाशकांनी धरून ठेवले होते. हेमलतासारख्या स्वतःच लिहून स्वतःच छापणाऱ्यांच्या वाट्याला त्यांचं स्वतःचंच डोकं आलं होतं, आणि ते तर असं घसरणारं.

नाही म्हणायला तिला एक संपादक होती. तिची मोठी बहीण मालन.

मालन एस.टी.त कंडक्टर होती. निवृत्त झाल्यावर ती हेमलताकडेच राहायला आली. एस.टी.च्या जुन्या गाड्यांत घंटेची दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की निघायची. आताच्या विजेवरच्या गाड्यांत ना दोरी राहिली ना घंटा, पण मालनच्या हाताची सवय गेली नव्हती. संध्याकाळच्या चहाला हेमलता लिहिलेलं वाचून दाखवायची आणि मालन लसूण सोलत ऐकायची. मालननं कपावर चमचा एकदा वाजवला की थांब, इथं काहीतरी बनावट आहे. दोनदा वाजवला की समजलं, गाडी हलव. हेमलताचं सगळ्यात लाडकं वाक्य आलं की हटकून एकदा वाजायचा. का म्हणून विचारलं तर मालन म्हणायची, मला काय म्हाईत, मी काय प्राध्यापक हाय का, वाजवावंसं वाटलं. यावर कुणाचं डोकं फिरणार नाही? आणि आता तर मालनलाही कादंबरी तोंडपाठ झाली होती. हेमलतानं एखादं वाक्य बदललं की ती जुनंच वाक्य पुढे म्हणून दाखवायची.

ही दुसरी कादंबरी घरातलीच होती. हेमलता बारावीला असताना, तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिला बघायला वाळव्याकडची माणसं आली. तिला पुढे शिकायचं होतं, पण मुलाचा ट्रॅक्टर होता, बागायत होती, आणि तिच्या वडिलांनी, आबांनी, मनातल्या मनात सुपारी फोडून टाकली होती. थोरली विमल, म्हणजे आता हयात नसलेली आक्का, तेव्हा लग्न होऊन तासगावला गेलेली. मधल्या मालनचंही एका शिक्षकाशी जवळजवळ ठरलं होतं. दोघींचं एकाच मांडवात उरकायचं असा आबांचा बेत होता. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आई हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात आली. तिथं मालननं आवाज खाली करून तिला सांगितलं, मावशी, तुम्ही देवमाणसं दिसता म्हणून सांगते, हिला फिट्स येतात, कांदा हुंगवावा लागतो. पाव्हण्यांची गाडी घटकाभरात आली तशी परत गेली. फिट्स येणाऱ्या माणसाचा त्यात काय अपराध, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. त्या घरात रोग आहे, एवढं मात्र पंचक्रोशीत झालं. हेमलता कॉलेजात गेली. मालनचं ठरत आलेलं लग्न मोडलं आणि पुन्हा म्हणून जमलं नाही.

कादंबरीत हे सगळं होतं. तरीही कादंबरी रेंगाळत होती, आणि का ते काही केल्या हेमलताच्या ध्यानात येत नव्हतं.

कराडच्या स्टँडामागे शिरीन मुल्लाचं केंद्र होतं. शिरीन मेंदूशास्त्र शिकून आली होती आणि ‘परकी पट्टी’ भाड्यानं द्यायची. नाव लोकांनीच पाडलेलं. दिसायला पट्टी साधीच, केस मागे घ्यायला लावतात तशी. पट्टीचं काम शिरीननं हेमलताला समजावून सांगितलं. ओळखीची गोष्ट समोर आली की कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, एक खूण उमटते. हे पाहिलेलं आहे, हे आपलं आहे, असं सांगणारी. त्या खुणेमुळेच आपण स्वतःचं लिखाण वाचत नाही, नुसतं ओळखतो. ही पट्टी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या जागेवर सोडते आणि तास-दीड तास ती खूण गप्प करते. अक्षरं कळतात, अर्थ कळतो, माणसं ओळखू येतात. फक्त समोरचा मजकूर आपण लिहिलाय हे काही केल्या वाटत नाही.

“एकच विचारायचंय, मॅडम,” शिरीन म्हणाली. “लिखाण तुमच्या स्वतःच्या आयुष्यावरचं आहे का? असेल तर दोन वाचनांमध्ये आठवडाभर जाऊ द्यावा लागतो.”

हेमलतानं नकारार्थी मान हलवली. “कादंबरी आहे. पात्रं, प्रसंग सगळे काल्पनिक.”

हे वाक्य प्रत्येक लेखक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापतो, आणि छापून छापून ते त्याला खरंही वाटायला लागतं. हेमलताला आपण खोटं बोललो असं जाणवलंसुद्धा नाही. पट्टी घेऊन ती घरी आली.

पहिल्यांदा तिनं ती लावली तेव्हा मालन स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती. हेमलता बाहेरच्या खोलीत छापील पानं घेऊन बसली होती आणि मनात येईल ते फोनमध्ये मोठ्यानं बोलून ठेवत होती. पाचेक मिनिटांत तिला एक विलक्षण सुख मिळालं. समोर कुणा अनोळखी बाईचं लिखाण होतं. त्यातला शब्दन् शब्द दिसत होता. इथं ‘आणि’ दोनदा पडलाय, इथं संध्याकाळ एकाच पानात दोनदा होते, इथं लेखिका फारच हुशारी दाखवतेय. भराभर खुणा होत गेल्या. इतकी वर्षं ज्या भिंतीवर ती डोकं आपटत होती, ती भिंतच कुणी उचलून नेली होती.

मग ती पाव्हण्यांच्या प्रकरणाशी आली.

“या घरात दोन थोरल्या बहिणी आहेत,” ती फोनला सांगू लागली. “एक मायाळू, एक फटकळ. दोघीही नायिकेलाच सोडवायला धावतात. मग दोघी कशाला? मधली बहीण कशाला आहे? नुसती कटकट करते आणि पानं खाते. हिला काढून टाकावं. कांद्याचा प्रसंग थोरलीला द्यावा. मायाळू बाई खोटं बोलते, त्यात जास्त गंमत आहे.”

सल्ला चोख होता. कुठल्याही चांगल्या संपादकानं हाच दिला असता.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. मालन हात पुसत दारात उभी होती.

पट्टी काढल्यावर हेमलतानं स्वतःचं बोलणं ऐकलं आणि ती ओशाळली. ताई, ते तुझ्याबद्दल नव्हतं, पात्राबद्दल होतं, अशी तिनं सारवासारव केली. मालननं ती मध्येच तोडली.

“काढ की मग. लांब पल्ल्याच्या गाडीत हुबी माणसं घेत न्हाईत. वाचणाऱ्याला कटाळा येत असंल तर उतरवायलाच पायजे.”

तिला वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. पण कादंबरी हेमीची, गाडी तिची, असं म्हणून तिनं ते गिळलं आणि आमटी वाढायला घेतली.

मग हेमलताला पट्टीचं वेडच लागलं. आठवडाभर थांबायला तिला सवड कुठली? रोज सकाळी पट्टी, दुपारी दुरुस्त्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी. कादंबरी आखूड होत गेली, चपळ होत गेली. मधली बहीण पुसली गेली. स्वयंपाकघरात मालनच्या जागी आता हिरव्या लुगड्यातली आक्का उभी राहिली, आणि प्रकरणाला खरोखरच धार आली. संध्याकाळचं वाचन बंद पडलं, कारण आता गरजच उरली नव्हती. चहा दोघी अजून बरोबर घ्यायच्या, पण चमचा फक्त साखर ढवळायचा.

एकदा भाजी निवडता निवडता हेमलता म्हणाली, “आक्का किती धीराची होती गं. कांद्याचं तिला ऐनवेळी सुचलं तरी कसं?” मालनला वाटलं, ही पुस्तकातलं बोलतेय. लिहिणाऱ्यांचं डोकं अष्टौप्रहर तिथंच असतं. तिनं ते मनावर घेतलं नाही.

पुस्तकाची पहिली नमुना प्रत पार्सलनं आली तेव्हा हेमलता आंघोळीला गेली होती. मालननं पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि कौतुकानं पहिली पानं उलटली. अर्पणपत्रिका अशी होती: ‘विमलआक्काला. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू माझ्यासाठी खोटं बोललीस, म्हणून मी आज लिहिते आहे.’

हेमलता केस पुसत बाहेर आली तर मालन पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसलेली.

“गोष्टीतनं काढलंस, मी काय म्हणाले न्हाई,” मालन म्हणाली. “पण हे पान गोष्टीतलं न्हवं. हे तू तुझ्या सहीनं लिवलंस.”

“मग? खरंच आहे ते.”

“काय खरं हाय?”

हेमलताला चीड आली. अर्पणपत्रिकेवरूनही आता चमचा वाजणार का? तिनं लहान मुलाला सांगावं तसा तो दिवस सांगायला घेतला. पाव्हणे, पोह्यांचा वास, मुलाची आई आत आलेली, आणि हिरव्या लुगड्यातली आक्का कांदा हातात धरून हळूच बोलतेय. सांगताना तिच्या डोळ्यांसमोर ते लख्ख दिसत होतं.

“आणि मी कुठं हुते?” मालननं विचारलं.

हेमलतानं आठवून पाहिलं. चूल, ताटं, खिडकी, आक्का. मालन कुठंच नव्हती.

“तू शेतात गेली असशील. नव्हतीस तू.”

मालन तिच्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्यानं हेमलता आणखी बिथरली, आणि महिनोन्‌महिन्यांचं लिहिणं-खोडणं, अडकलेलं प्रकरण, कानावर पडलेले सगळे चमचे एकदम तिच्या जिभेवर आले.

“आक्कामुळं तुझं लग्न मोडलं, त्याचा राग तुझ्या मनात आहे, हे कळतं मला. पण मेलेल्या माणसाचं श्रेय कशाला ओढून घेतेस? आणि ते मोडलं म्हणून काय झालं, दुसरं जमलं असतं. तुझ्या तोंडापुढं कोण टिकणार होतं?”

मालन उठली, चहाचा कप आणि चमचा विसळला आणि जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आक्काच्या मुलीकडे, पल्लवीकडे, तासगावला निघून गेली.

हेमलताला आधी बरंच वाटलं. निवांतपणे शेवटचं मुद्रित तपासता येईल, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण मुद्रित पुढे सरकेना. एक पान वाचावं आणि उगीच उठून ओटा पुसावा, असं चाललं होतं. घर इतकं शांत झालं होतं की तिचा तिलाच राग येत होता. पुस्तक छपाईला पाठवायचं बटण समोर होतं आणि ते दाबवत नव्हतं.

चार-सहा दिवसांनी पल्लवीचा फोन आला. मावशी, तू मालनमावशीला काय बोललीस, असं तिनं थेटच विचारलं. मालन धड जेवत नव्हती आणि सांगतही काही नव्हती. हेमलतानं सगळा प्रकार आपल्या बाजूनं रंगवून सांगितला. पल्लवीनं भलतंच विचारलं.

“मावशी, पाव्हणे तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आले होते ना? असंच म्हणतात ना सगळे?”

“हो. मग?”

“अगं, मी त्याच वर्षीच्या तुळशीच्या लग्नाची. आईचं हे दुसरं बाळंतपण, ते इथं सासरी झालं. आई त्या दिवशी मला घेऊन दवाखान्यात पडलेली होती, तासगावात. ती तुमच्या स्वयंपाकघरात कशी येईल?”

पल्लवी तुळशीच्या लग्नाची, हे तर हेमलताला पल्लवीच्या जन्मापासून ठाऊक होतं. घरातले सगळे तिला तुळसाच म्हणायचे. एक बाई एकाच वेळी दोन गावांत असू शकत नाही, हे कळायला भूगोल शिकवलेला असावा लागत नाही. तिनं डोळे मिटून पुन्हा ते स्वयंपाकघर आठवलं. हिरव्या लुगड्यातली आक्का हातात कांदा घेऊन तिथं तशीच उभी होती. ती खोटी आहे हे पक्कं कळूनही ती जागची हलेना. हेमलतानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, पण कपाळावर मारून आतलं चित्र थोडंच पुसतं?

ती तडक शिरीनकडे गेली. शिरीननं सगळं ऐकून घेतलं आणि ती एवढंच म्हणाली, “तुम्ही काल्पनिक म्हणाला होतात, मॅडम.”

मग तिनं समजावलं. आठवण म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेलं पातळ नव्हे. ती बाहेर काढली की मऊ होते, वडीच्या पाकासारखी, आणि थोड्या वेळानं पुन्हा थापली जाते. एरवी ती होती तशीच थापली जाते, कारण ‘हे आपलं आहे’ ही खूण तिला धरून ठेवते. पण पट्टीनं ती खूण गप्प केलेली. हेमलता रोज पानं वाचत होती, वाचताना खरा दिवस मनात वर येऊन मऊ होत होता आणि त्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं. मग समोर कागदावर जे होतं तेच त्यात थापलं गेलं. आठवडाभराची मुदत मध्ये असती तर त्याला मूळचा आकार धरायला वेळ मिळाला असता.

“परत पहिल्यासारखं होईल?”

“नाही. तुमच्या बहिणीनं सांगितलं तर तुम्हाला माहिती होईल, पण आठवणार नाही. दुसऱ्याकडून ऐकल्यासारखंच राहील ते.” हेमलताचा चेहरा बघून ती पुढे म्हणाली, “पट्टी फक्त कागदावरच्या गोष्टींना लागते. जे तुम्ही कधी लिहिलंच नाही, ते आत शाबूत असणार.”

“मी सगळंच लिहिलं होतं,” हेमलता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या कष्टाळूपणाची शिसारी आली.

तासगावला पल्लवीच्या ओसरीवर मालन परातीत बेदाणे निवडत बसली होती. हेमलता पायरीवरच उभी राहिली आणि तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. शिरीननं सांगितलेलंही, आणि आपण बोललो ते किती हलकट होतं तेही. माफ कर म्हणताना तिला रडू फुटलं. मालननं परातीवरून नजर उचलली नाही, पण पायानं पाट पुढे सरकवला. हेमलता त्यावर बसली.

पल्लवी चहा देऊन आत गेली. मालननं मग तो दिवस सांगायला घेतला, मोजक्या शब्दांत, घाट उतरणाऱ्या गाडीसारखा जपून. हेमलता जीव कानात आणून ऐकत होती. गोष्ट चांगली होती, तिला ती पटतही होती, पण दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकातलं प्रकरण वाचावं तशी वाटत होती.

“आईनं तुला कुठली साडी नेसवली हुती?” मालननं विचारलं.

“अबोली. पहिल्या खर्ड्यात होती.”

“दारात कुत्रं बसलं हुतं.”

“तेही लिहिलं होतं.”

“पोह्यात मीठ ऱ्हायलं हुतं.”

“लिहिलंय, ताई.”

“काय शिल्लक ठेवलंस का न्हाई गं बये?” मालन वैतागली.

हेमलता समजावू लागली. लेखकाच्या दृष्टीनं कुठलाही तपशील वाया जाऊ द्यायचा नसतो, प्रत्येक क्षणाला एक अंगभूत अर्थ असतो, आणि–

मालननं कपावर चमचा एकदा वाजवला.

हेमलता थांबली. बोलणं थांबलं आणि तिचं अंगही थांबलं, मुकाट, लहान पोरीसारखं. तिच्या पाठीला काहीतरी टोचल्यासारखं झालं.

“ताई, हे वाजवणं तू नोकरीला लागल्यावर सुरू केलंस ना?”

“नोकरी कुठली? त्याच्या कितीतरी आधी. गोठ्यात. बादलीवर.”

पाठीला टोचत होता तो कडबा. हेमलता कडब्यावर उताणी पडली होती. फिट्सची आवई उठल्यावर गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्तानं यायच्या आणि पोरीला खरंच येतात का ते बघून जायच्या. एकदा तरी पडून दाखवल्याशिवाय खोटं टिकणार नव्हतं. म्हणून धार काढायच्या वेळेला मालन तिला गोठ्यात न्यायची आणि फिट कशी घ्यायची ते शिकवायची. दोघी शाळेला एस.टी.नं जायच्या, तिथलीच खूण. बादलीवर एक टोला म्हणजे थांब, असलं कुणी पडत नाही. दोन टोले म्हणजे जमतंय, चालू दे. हे हेमलतानं कधीच लिहिलं नव्हतं. प्रकरण गंभीर होतं, तिथं वाचकाला हसू येऊन कसं चालेल, म्हणून पहिल्या खर्ड्यातसुद्धा ते आलं नव्हतं.

“तू म्हणायचीस, डोळे फिरव, तोंड वेंगाडू नको,” हेमलता सावकाश म्हणाली. “म्हशीनं माझी वेणी चाटली होती.”

मालनचा हात परातीत थांबला.

“आणि पाय झाडताना माझ्याकडून दुधाची किटली लवंडली. आबांना तू सांगितलंस, मांजर आलं होतं.”

“मांजर न्हवतंच आपल्याकडं,” मालन म्हणाली. “तरी आबानं दोन दिवस मांजर हुडकलं.”

दोघींनाही हसू आवरेना. हसता हसता हेमलताला ती समोर दिसली. एकोणीस वर्षांची मालन, केसांना चप्प तेल लावलेली, पालथ्या बादलीवर बसलेली, हसू बाहेर फुटू नये म्हणून ओढणी तोंडात कोंबलेली. तिचं लग्न चारच दिवसांपूर्वी मोडलं होतं. ती हेमलताची होती, कुणाच्या पुस्तकातली नव्हती. स्वयंपाकघरात अजून आक्काच उभी होती आणि ती तिथंच राहणार होती. पण गोठा शाबूत होता.

दोघी कराडला परत आल्या. हेमलतानं पट्टी शिरीनला देऊन टाकली आणि कादंबरी पुन्हा उघडली. तेच वाक्य तोंडात, तेच घसरणारे डोळे. तिनं दातओठ खात एकेक पान केलं. मधली बहीण परत आली, फटकळपणासकट, आणि कादंबरी पुन्हा लांबली. रेंगाळली तर रेंगाळू दे, असं तिनं ठरवून टाकलं. अर्पणपत्रिका बदलली. स्वयंपाकघराचं प्रकरण मालन सांगेल तसं उतरवलं, कारण आता ते फक्त मालनकडेच होतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं ते वाचून दाखवलं. मालन लसूण सोलत होती. कांद्यापाशी चमचा एकदा वाजला. अगं, मी ‘देवमाणसं’ म्हणताना मान खाली घातली हुती, न्हाईतर हसले असते, असं मालननं सांगितलं. हेमलतानं ते लिहून घेतलं. प्रकरण संपलं, पाव्हण्यांची गाडी गेली, आणि पुढच्या ओळीत हेमलता कॉलेजात पोहोचली.

“गोठ्याचं न्हाई घातलंस?” मालननं विचारलं.

“नाही.”

“चांगलं हाय की ते. लोक हसतील.”

“लिहिलं की मला ते सारखं वाचावं लागेल, ताई,” हेमलता म्हणाली. “सारखं सुधारावं लागेल.”

मालननं हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग तिनं कपावर दोनदा चमचा वाजवला, आणि हेमलतानं पान उलटलं.